सिंहलद्वीपात मुक्काम कोणत्या किनारी?

बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी झाले की आपल्या समाजातील कुटुंबांत पुढचे नाव निघते ते श्रीलंकेचे. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडीचा दंतधातू विहार, मिहिंतले. ही स्थळे ठरलेलीच असतात, त्याबद्दल कोणी मला फारसे विचारत नाही. विचारतात ते शेवटच्या तीन-चार दिवसांचे. डिसेंबर 2024 मध्ये आमच्या वस्तीतील बारा जणांचा दौरा मी जमवला होता, त्याच्या हिशेबाची वही अजून माझ्या कपाटात आहे. त्यामुळे विहारात वंदना संपली की कोणीतरी कागद घेऊन येतेच. "समुद्रकिनारी राहायचे तर कुठे राहावे? एजंट बेंटोटा म्हणतो, मुलगा मिरिस्सा म्हणतो, सून मोबाइलमध्ये बघून उनावटुना म्हणते." एकेकाला सांगत बसण्यापेक्षा येथे लिहिलेले बरे.

दुसऱ्या बाजूला आमच्या विहारातील ज्येष्ठ उपासक आहेत. त्यांचे म्हणणे वेगळे. "बुद्धाच्या देशात जाऊन चौपाटी कसली करता? पैसे उरत असतील तर विहाराला द्या." त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण आमच्या दौऱ्यात माझी आत्या होती. वय चौऱ्याहत्तर. सारी हयात चाळीत गेली, नोकरी सफाई खात्यात. मुंबईत पन्नास वर्षे काढूनही तिचा समुद्राशी संबंध एकाच दिवसाचा, 6 डिसेंबरचा. चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभे राहायचे, बाबासाहेबांना अभिवादन करायचे, शिवाजी पार्कवर नातवंडांसाठी पुस्तके घ्यायची आणि पहिली गाडी पकडून कामावर जायचे. "समुद्राला मी नेहमी पाठच केली रे," असे ती एकदा सहज बोलून गेली. पाण्याचा हक्क बजावण्यासाठी ज्या समाजाला 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजातील एका बाईने हातात काहीही काम नसताना चार दिवस पाण्याच्या काठी बसावे, यात धम्माविरुद्ध काय आहे ते मला कळत नाही. मात्र कोणत्या काठी बसायचे हे एजंटाने ठरवू नये. ते आपण ठरवावे.

किनाऱ्याच्या आधी तारीख ठरवावी लागते. बेट लहान आहे, पण त्याला पावसाळे दोन. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर येतात. त्या दिवसांत बेंटोटा, हिक्कडुवा, मिरिस्सा इकडचा समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरण्याची सोय नाही. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचे वारे पूर्वेकडे व उत्तरेकडे पाऊस आणतात, तेव्हा त्रिंकोमाली आणि अरुगम बेच्या बाजूला जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन्हीच्या मधला काळ, सरी कुठेही येतात. म्हणून "श्रीलंकेचा सर्वांत चांगला किनारा कोणता" हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात, हे आधी सांगा.

आता ही हवा आपल्या पंचांगाला लावून पाहा. आपल्याला सुट्टी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत. मे महिन्यात तेथे वेसाक असतो. रस्तोरस्ती कागदी कंदील, घरोघरचे दिवे, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण वाढणारी 'दन्सल'. बुद्धजयंती कशी साजरी होते ते डोळ्यांनी बघण्यासारखे आहे. पण तेव्हाच नैर्ऋत्येचा पाऊस तोंडावर आलेला असतो. वेसाकला जाणाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावर पोहण्याची आशा धरू नये. समुद्र हवाच असेल तर पूर्वेला त्रिंकोमालीजवळ निलावेली किंवा उप्पुवेलीला जावे. एप्रिलच्या मध्यात जावे म्हटले तर 14 एप्रिल सोडून कोण जाणार? शिवाय 13-14 एप्रिलला तेथे सिंहली आणि तामिळ लोकांचे नववर्ष असते. दुकाने बंद, बसगाड्या भरलेल्या. दिवाळीच्या सुट्टीत हवेचा भरवसा नाही, आणि त्याच्या आधी अशोक विजयादशमीला नागपूर असते. मी वही घेऊन बसलो आणि एकच फट सापडली. 6 डिसेंबरचे अभिवादन झाले की 7 किंवा 8 ला निघायचे आणि नाताळचे भाव चढण्याआधी परतायचे. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याची हवा तोपर्यंत बसू लागलेली असते. शिवाय डिसेंबरच्या पौर्णिमेला, उंदुवप पोयाला, संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी आणल्याचा दिवस पाळतात. मुलांची शाळा आठ-दहा दिवस बुडते, ते मुख्याध्यापकांना सांगून करावे लागते. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला हजर राहता येते हा आणखी एक फायदा. एक अडचण मात्र आहे. याच दिवसांत अनुराधपूरकडे पाऊस असू शकतो. छत्र्या न्याव्यात.

तारीख ठरली की पूर्व किनारा आपोआप गळतो. उरतो तो नेगोंबोपासून तंगल्लपर्यंतचा पट्टा. त्यातही दक्षिण टोकाकडचा भाग मी लवकर बाजूला ठेवला. तंगल्लला लाटा दणदणीत आणि अंतर फार. मिरिस्साला डिसेंबर ते एप्रिल देवमासे बघायला नेतात, तरुण मंडळींना ते आवडेल, पण होडीतले चार-पाच तास चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला झेपणारे नाहीत. वेलिगमला फळीवर उभे राहून लाटा कापायला शिकवतात. उनावटुना मात्र खरोखर चांगले. गॉलपासून पाच-सहा किलोमीटरवर अर्धचंद्रासारखी आखाती खाच आहे, पाणी बहुधा शांत, आणि शेजारच्या रुमस्सल टेकडीवर जपानी भिक्खूंच्या संघाने बांधलेला पांढरा शांतिस्तूप. लहान मुले बरोबर असतील आणि पोहणे हाच मुख्य हेतू असेल तर डोळे मिटून उनावटुना घ्यावे. सुनेची निवड चूक नव्हती.

कोलंबोला लागून माउंट लव्हिनिया आहे. गर्दीचे उपनगर, पण त्याच्या नावाची हकिगत आपल्या वाचकांनी ऐकावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेटलंड नावाचा इंग्रज गव्हर्नर तेथे बंगला बांधून राहिला. तोच पुढे हॉटेल झाला. लोक सांगतात की लोविना नावाच्या एका नर्तकीवर त्याचे प्रेम होते, तिच्या नावावरून या जागेचे नाव पडले आणि ती रोडी जमातीची होती. दंतकथा किती खरी ते बाजूला ठेवू. रोडी मात्र खरे. सिंहली समाजाने ज्यांना अस्पृश्य मानले ते हे लोक. कँडीच्या राजांच्या काळात त्यांच्या स्त्रियांना कमरेवर वस्त्र घेण्याची मनाई होती. बुद्धाच्या देशात जात होती का, असे मला विहारात भाबडेपणाने विचारतात. होती, आणि आहे. रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रातील लग्नाच्या जाहिराती तेथे चाळल्या तर 'गोविगम बौद्ध', 'करावा बौद्ध' असे शब्द आजही सापडतात. बाबासाहेब 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले ते केवळ हार-तुरे घ्यायला नव्हे. धम्म प्रत्यक्षात कसा पाळतात हे त्यांना बघायचे होते. आपणही तीच नजर घेऊन जावे.

आता बेंटोटा. एजंट याच नावावर अडून बसला होता, कारण उघड आहे. तेथे मोठी हॉटेले आहेत आणि त्यांत त्याचा वाटा ठरलेला असावा. नदी समुद्राला मिळते, वाळू लांबच लांब, जागा सुंदर, यात वाद नाही. पण त्याच्या योजनेत तीन जेवणे आणि हवी तितकी दारू एकाच दरात धरलेली होती. "आम्ही पंचशील घेणारी माणसे, दारूचे पैसे वजा करा," असे मी म्हटले तर तो हसला. वजा होत नाहीत म्हणे. ज्या गोष्टीला आपण हात लावणार नाही तिचे पैसे बारा माणसांनी का भरावेत? हिशेब तेथेच संपला. शिवाय अशा हॉटेलात माणूस गेटाच्या आतच राहतो. बाहेरचा श्रीलंकेचा माणूस त्याला भेटतो तो फक्त ताट उचलताना.

नदीच्या अलीकडे अलुतगम आहे. तेथील कंदे विहारात सुमारे 160 फूट उंचीची भूमिस्पर्श मुद्रेतील बैठी बुद्धमूर्ती आहे, ती अवश्य बघावी. त्याबरोबर हेही माहीत असावे की याच अलुतगममध्ये जून 2014 मध्ये काही भिक्खूंच्या चिथावणीखोर सभेनंतर मुसलमानांची घरे-दुकाने जाळली गेली, माणसे मेली. मूर्तीसमोर वंदना करताना मला ते आठवत होते. चीवर घातले म्हणजे मैत्रीभावना आपोआप येत नाही.

बेंटोट्याच्या दक्षिणेला पुढे बालपिटिय येते. पर्यटकांच्या यादीत ते नाव मदू नदीतील होडीसाठी येते. खारफुटीतून होडी जाते, बेटे लागतात, दालचिनी सोलणारे लोक सोलून दाखवतात. एजंटाने तेवढेच सांगितले होते. मी मात्र जाण्यापूर्वी थोडे वाचले होते, आणि माझ्या मते आपल्या माणसाने मुक्काम या पट्ट्यात का करावा याचे उत्तर या नदीतच आहे.

अठराव्या शतकात श्रीलंकेत उपसंपदा देणारा भिक्खूच उरला नव्हता. 1753 साली सयामहून उपाली थेर आले, कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली आणि सयाम निकाय स्थापन झाला. परंतु थोड्याच वर्षांत त्याची दारे गोविगम या उच्च, शेतकरी जातीखेरीज इतरांना बंद झाली. राजाचाही त्याला पाठिंबा. किनाऱ्यावरचे करावा म्हणजे मासेमारी करणारे, सलागम म्हणजे दालचिनी सोलणारे, दुरावा म्हणजे माडी काढणारे. यांनी श्रामणेर व्हावे, दान द्यावे, विहार बांधावेत, पण उपसंपदा मागू नये. बुद्धाच्या संघात, ज्यात उपालीसारखा नाभिक विनयधरांत अग्रगण्य झाला आणि सुनीतासारखा झाडूवाला अर्हत झाला, त्या संघात ही स्थिती! वाचताना माझा तर हात थरथरला.

मग बालपिटियजवळच्या वेलितर गावातील सलागम समाजाचे अंबगहपिटिये ज्ञानविमल 1799 साली काही सोबत्यांसह जहाजात बसले आणि ब्रह्मदेशाला गेले. तेव्हाची तेथील राजधानी अमरपूर. तेथे त्यांना उपसंपदा मिळाली. जात कोणी विचारली नाही. 1803 साली ते परत आले आणि याच मदू नदीवर होड्या जोडून पाण्यातच सीमा आखली गेली, आणि आपल्या लोकांना उपसंपदा देण्यात आली. जमिनीवर कोणी जागा देवो न देवो, पाणी कोणाच्या बापाचे नव्हते. तो अमरपूर निकाय.

आणखी एक गोष्ट लक्षात आणून देतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच. कोळी, दालचिनीवाले आणि आपण. स्वतःच्या देशातील उच्चवर्णीयांनी दार लावले तेव्हा तिन्ही वेळी हात पुढे आला तो ब्रह्मदेशाकडून. पण यापुढचेही लपवू नये. अमरपूर निकायात पुढे सलागमांची शाखा वेगळी, करावांची वेगळी, दुरावांची वेगळी असे झाले. दार तोडून आत गेलेल्यांनी आतल्या घरात पुन्हा भिंती घातल्या. होडीत बसून मी हे सांगत होतो तेव्हा आमच्यातला एक तरुण पटकन म्हणाला, "म्हणजे आपल्या पोटजातींसारखेच की, काका." बारा जणांत तीन पोटजातींची माणसे होती. कोणी काही बोलले नाही. नावाड्याने तेवढ्यात पाण्यातील घोरपड दाखवली.

बालपिटियला राहण्याच्या सोयी थोड्या आणि समुद्र उघडा. म्हणून मुक्काम आम्ही त्याच पट्ट्यात थोडे खाली, हिक्कडुवाला केला. कोलंबोपासून सुमारे शंभर किलोमीटर. फोर्ट स्टेशनवरून आगगाडी थेट जाते, बराच वेळ समुद्राच्या कडेकडेने. हिक्कडुवाचे नाव ऐकून तरुण मुले खूश होतात ती वेगळ्या कारणाने. तेथे रात्री गाणी-बजावणी असते, लाटांवर खेळणारे गोरे लोक असतात. माझ्या डोक्यात होते ते हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेर. ते याच गावचे. त्यांनी 1873 साली कोलंबोत विद्योदय परिवेण काढले आणि 1902 साली गोव्याहून हालअपेष्टा सोसत गेलेले धर्मानंद कोसंबी त्यांच्याच पायाशी पाली शिकले. मराठीत बुद्धचरित्र आपल्याला वाचायला मिळाले त्याची एक मुळी या गावात आहे. जवळच दोडंदुवच्या खाजणात न्यानतिलोक या जर्मन भिक्खूंनी 1911 साली वसवलेला बेटावरचा आश्रम आहे.

हिक्कडुवात जागा घेताना एवढे बघावे. गॉलचा हमरस्ता किनाऱ्याला अगदी चिकटून जातो आणि बसगाड्या भरधाव असतात. रस्त्यावरची खोली घेतली तर झोप मिळणार नाही. रेल्वेचा रूळ रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. रुळापलीकडे लोकांची राहती घरे आहेत, त्यांत खोल्या मिळतात. आम्ही तेथे पाच खोल्या घेतल्या. एजंटाच्या भावाच्या निम्म्याहून कमी खर्च आला, सकाळचा नाश्ता धरून. समुद्राला जाताना रूळ आणि रस्ता ओलांडावा लागतो, म्हातारी माणसे व मुले यांचा हात धरावा. पोहण्यासाठी प्रवाळाच्या आडोशाला असलेला भाग बघावा, तेथे पाणी उथळ असते. त्यापलीकडे ओढ असते, स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये. प्रवाळ पूर्वीसारखे राहिलेले नाही, 1998 साली समुद्र तापून बरेच मेले. पण कासवे अजून काठाशी येतात. आत्या दुसऱ्या दिवशी नऊवारीचा काचा मारून गुडघाभर पाण्यात बसली ती दीड तास उठेना. माझ्या पत्नीने दोनदा हाक मारली. "बसू दे गं, कुठे कामावर जायचंय," एवढेच म्हणाली.

जेवण कोकणी माणसाला परके वाटत नाही. भात, नारळाचे कालवण, आप्प, शेवयांसारखे इंदिआप्प. शाकाहारी असाल तर खोबऱ्याच्या चटणीतही सुकी मासळी कुटून घालतात हे लक्षात ठेवा आणि आधी सांगा.

आमच्या मुक्कामातच उंदुवप पौर्णिमा आली. पोयाच्या दिवशी दारूची दुकाने बंद, किनारा शांत. घरमालकीणबाई पहाटे पांढरी साडी नेसून अष्टशील घ्यायला निघाल्या, तर आमच्या बायकाही पांढऱ्या साड्या नेसून तयार! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. विहारात त्रिशरण सुरू झाले आणि आत्या त्यांच्या बरोबरीने, एक शब्द न चुकता म्हणू लागली. त्यानंतर बाईंनी आमच्याकडून नाश्त्याचे पैसे घेतले नाहीत. मोठ्या हॉटेलच्या गेटाच्या आत हे घडले असते का, याचा विचार वाचकांनी करावा.

उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर पेरेलिय आहे. 26 डिसेंबर 2004 रोजी, तीही पौर्णिमाच, सुनामीच्या लाटेने येथे माणसांनी भरलेली आगगाडी उलथवली. हजाराहून अधिक बळी गेले. जपानी मदतीने बामियानच्या धर्तीवर उभारलेली बुद्धमूर्ती तेथे समुद्राकडे तोंड करून उभी आहे. आम्ही तेथे पाच मिनिटे ध्यान केले. मुलांना सुनामीचा इशारा कसा ओळखायचा आणि उंच जागेकडे जाण्याच्या वाटेच्या पाट्या कुठे आहेत तेही दाखवून ठेवले. किनाऱ्यावर राहायचे तर हे करावेच.

तरुणांसाठी एक सूचना. आपल्याकडे दंडावर बुद्धाचे चित्र गोंदवून घेतात, शर्टावर छापतात. तेथे तो अवमान समजला जातो. 2014 साली दंडावर बुद्ध गोंदवलेल्या एका इंग्रज बाईला विमानतळावर पकडून परत धाडले होते. पुढे 2017 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली, पण आपल्या मुलांनी न्यायालयापर्यंत का जावे? बाह्यांचा सदरा घालावा. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये.

शेवटची रात्र नेगोंबोला काढावी, कारण विमानतळ तेथून दहा-बारा किलोमीटर. पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक कोळ्यांची वस्ती आहे. 21 एप्रिल 2019 च्या ईस्टर स्फोटांत येथील चर्चमधील पुष्कळ भाविक मारले गेले. पोहण्यासारखे पाणी नाही, पण सकाळी मासळीबाजार बघावा. वाळूत काथ्याच्या चटया अंथरून बायका मासळी वाळत घालतात. विमान दुपारचे असल्याने आम्हाला वेळ होता. आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली, दोन-चार मासे तिनेही उलटले, आणि निघताना त्यातल्या एकीने तिला कागदात बांधून मूठभर सुकी मासळी दिली. ती विमानात नेऊ देतील का, यावर आमच्यात टॅक्सीभर वाद चालला.